पेटीतला खिळा

१

पेट्या उघडल्या तेव्हा आत एकही पिल्लू जिवंत नव्हतं.

कोकणातल्या एका राखीव किनाऱ्यावर कासवांसाठी केंद्र उभं राहत होतं. मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते. ती अंडी कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून उचलून आणायची, जाळीच्या कुंपणात पुन्हा वाळूत पुरायची आणि पिल्लं बाहेर आली की पाण्यात सोडायची, असं ते काम. त्या कुंपणाला हॅचरी म्हणतात. तिचे लोखंडी सांगाडे आमच्या मावळात, नवलाख उंबरे गावात बनले आणि ते उभे करायला माणसंही इथूनच गेली. सांगाडे पोचले उशिरा. कासवं मात्र वेळेवर आली. म्हणून अंडी तात्पुरती वाळू भरलेल्या थर्मोकोलच्या पेट्यांत घालून सामानाच्या खोलीत ठेवली होती.

पिल्लं निघायचे दिवस उलटून गेले तरी वाळू हलेना, तेव्हा पेट्या उघडल्या. एकही अंडं फुटलेलं नव्हतं. आत मात्र प्रत्येक जीव जन्माच्या कितीतरी आधीच मरून गेला होता. सगळे सुन्न उभे असताना मजुरांतला दत्ता पुढे झाला आणि म्हणाला, "म्या केलं."

ही हकिकत आम्हाला सांगितली ती दत्ताच्या आईनं. कमळाबाई ही कार्ल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतली. आमच्या घराच्या पायरीवर ती बसली होती आणि पुढ्यातला चहा गार होत होता.

आमचं घर लोणावळ्याच्या तुंगार्लीत. आजूबाजूला दुसऱ्यांचे कुलूपबंद बंगले आणि मध्ये आमच्या दोन खोल्या. मी सुहास. आयुष्यभर लोणावळा स्टेशनच्या खिडकीत बसून तिकिटं फाडली, त्यामुळे माझी अक्कल खिडकीएवढीच आहे असं आमच्या मंडळींचं मत आहे. मंडळी म्हणजे अनिता. मावळात सरकारी पशुवैद्य होती. निवृत्त होऊन काळ लोटला, तरी आजारी शेळी घेऊन लोक अजून आमच्याच दाराशी येतात. जनावरांशी ती लोण्याहून मऊ बोलते आणि ती कसर माणसांवर भरून काढते.

कमळाबाईनं सांगितलं, की येत्या सोमवारी दत्तानं कोकणातल्या वनखात्याच्या कचेरीत जाऊन जबाब द्यायचा आहे. कायद्यानं कासवाचा मान वाघाएवढा. जबाबावर अंगठा उठला की मुलगा काही वर्षांसाठी गेलाच.

"बाई, त्यो खोटं बोलतोय," ती म्हणाली. "जनावराच्या पोटातलं तुमी हात लावून वळखता. माज्या लेकाच्या पोटात काय हाय, तेवडं बगा."

अनिता म्हणाली, की मी काही पोलीस नाही. म्हणाली, आणि चपला शोधायला आत गेली.

२

नशीब असं, की किनाऱ्यावरच्या संस्थेची रुपाली त्याच आठवड्यात अमृतशेठशी बोलायला मावळात आली होती. अमृतशेठ म्हणजे सांगाडे बनवणारा कंत्राटदार. रुपाली पंचविशीतली, कासवांवर अभ्यास करणारी मुलगी. आमच्याकडे आली तेव्हा डोळ्यांखाली काळं झालं होतं. अनितानं तिला आधी खायला घातलं आणि मग बोलतं केलं.

तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी अंडी, वाळूत ओळीनं मांडलेली. प्रत्येक अंड्यावर काळी, पुसट रेघ, ती कुणी मारली हे तिलाही ठाऊक नव्हतं. सगळ्या रेघा वरच्या अंगाला. मग तिनं पिशवीतून एक पुडी काढून उलगडली. गंजके खिळे, कोळशाचे तुकडे, सुकल्या लाल मिरच्या. प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात, वाळूखाली, हे तिन्ही पुरलेलं सापडलं होतं.

"मुकादम हौशीराम म्हणाला, ही करणी आहे," रुपाली म्हणाली. "माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. पण कुणाच्या तरी मनात विष होतं, एवढं तर दिसतंच ना?"

अनितानं विचारलं, अंडी मेली कशानं. रुपालीनं सांगितलं, ते मला तरी नवीन होतं. कासवाचं अंडं एकदा वाळूत ठेवलं की ते फिरवायचं नसतं. आतला जीव वरच्या बाजूला कवचाला धरून असतो. अंडं उलटं झालं की तो तुटतो आणि मरतो. म्हणून अंडी हलवायची ती पहिल्या काही तासांतच, तीही वरची बाजू वरच ठेवून. ही अंडी मात्र नंतर फिरवली गेली होती, आणि एकदा नव्हे.

"हे तू त्या माणसांना सांगितलं होतंस?"

रुपालीनं पुडी पुन्हा बांधायला घेतली. मग म्हणाली, की किनाऱ्यावर हे कुणाला सांगावंच लागत नाही, शेंबडं पोरही जाणतं. तिनं फक्त वाळू ओलसर ठेवायला सांगितलं होतं. ते काम स्वयंपाकाला आलेल्या बाईकडे, दत्ताच्या बायकोकडे, सुषमाकडे दिलं होतं. आणि सगळ्यांना म्हणाली होती, आपल्याच पिल्लांसारखी सांभाळा.

पेट्या उघडल्या तेव्हा अंडी फिरवल्यामुळे मेली हे रुपाली तिथल्या तिथे बोलली. त्यावर कुणी काही बोलायच्या आत दत्ता पुढे झाला. रजा नाकारली म्हणून मुकादमावर राग होता, त्या रागात रात्री पेट्या धरून हलवल्या, असं त्याचं म्हणणं. त्या वेळी सगळे पुरुष हजर होते. सुषमा तेवढी विहिरीवर गेली होती.

रुपाली गेल्यावर अनिता आपल्या मोबाइलवर घेतलेला तो फोटो बराच वेळ बघत बसली. मी म्हटलं, माणूस स्वतः कबूल झालाय, आता शोधायचं काय राहिलं?

"अहो, तुम्ही रागावलात की कपाट कसं आवरता?"

मी रागावलो की कपाट आवरत नाही, आपटतो. तसं तिला सांगितलं.

"आणि यानं रागात पेट्या हलवल्या, आणि प्रत्येक अंडं ओळीत, रेघ वर करून ठेवलं. एकालाही तडा न जाऊ देता," ती म्हणाली. "हा राग नाही हो. हे कुणाचं तरी अतोनात जपणं आहे."

३

दुसऱ्या दिवशी आम्ही नवलाख उंबऱ्याला गेलो. अमृतशेठचं वर्कशॉप कारखान्यांच्या रांगेमागे आहे. अंगणात हॅचरीच्या उरलेल्या कमानी गंज चढत पडल्या होत्या. अशाच कमानी किनाऱ्यावर वेळेत पोचल्या असत्या तर अंडी पेटीत ठेवायची वेळच आली नसती. कामात ढिलाई झाली असा ठपका त्याच्यावर येणार होता. दत्ता कबूल झाला आणि अमृतशेठ सुटला.

तो चांगला गुबगुबीत, हसतमुख माणूस. दत्ताबद्दल बोलताना त्यानं डोळे पुसले, पण ते कोरडे होते हे मलासुद्धा दिसलं. पोरगा आत गेला तर त्याच्या घराला उपाशी ठेवणार नाही, असा शब्द त्यानं कमळाबाईला दिला होता. माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. मी अनिताला कोपरानं खुणावलं, की हाच. यानंच पोराला कबूल व्हायला लावलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिनं एवढंच विचारलं, की हा शब्द दिला तो दत्ता कबूल होण्याच्या आधी की नंतर. अमृतशेठ म्हणाला, नंतर, चार दिवसांनी. हौशीरामचा फोन येईपर्यंत अंडी मेल्याचंही त्याला ठाऊक नव्हतं. हौशीराम तिथेच होता, त्यानं मान हलवली. पेट्या उघडल्या आणि दत्ता बोलला, यात श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती. कुणी कुणाला पढवणार कधी? माझा प्रकाश विझला.

मग राहिला हौशीराम. हा मुकादम म्हणजे खडूस माणूस. दत्ताला रजा नाकारली हे त्यानं मान्य केलं. भांडण झालं होतं का? झालं, पण दुसऱ्या दिवशी दत्ता नेहमीसारखा कामावर होता. पेट्यांजवळ कोण जायचं? यावर हौशीराम तावातावानं बोलायला लागला.

"जायची ती सुषमाच. सकाळ न्हाई, संध्याकाळ न्हाई, बाई त्या खोलीतच. भात करपायचा, कालवण खारट व्हायचं. माणसं उपाशी कामाला जायची. म्या लय बोललो तिला. ऐकून घ्यायची अन् परत तितंच."

"आणि दत्ता?"

"त्यो कुटला जातोय? त्यो त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत कदी पाय घालायचा न्हाई. बायकोला हाक मारायची तर अंगणातनं."

"का?"

हौशीरामनं खांदे उडवले. नवऱ्याबायकोतलं त्याला काय माहीत?

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. जो माणूस खोलीत पाऊल टाकत नाही, त्यानं पेट्या हलवल्या म्हणे. तळेगावच्या सिग्नलला अनिता एकदम म्हणाली, की उद्या वाडीवर जायचं. तुम्ही आला नाहीत तरी चालेल, चढ आहे. अर्थात मी गेलो.

४

कार्ल्याची भातखाचरं मार्च संपता संपता उघडी, भेगाळलेली असतात. तिथून वर वाडीची पायवाट. याच वाटेनं मागच्या आखाडात सुषमाला झोळीत घालून खाली आणलं होतं. दिवस भरले होते, चिखल होता, पाऊस थांबत नव्हता. कार्ल्याचा रस्ता लागला तेव्हा मूल झालं, पण ते रडलं नाही. हे मला त्या चढावर दम घेताना अनितानं सांगितलं आणि पुढं चालू लागली. मी मात्र थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं.

घर कुडाचं, स्वच्छ सारवलेलं. कमळाबाईनं आम्हाला आत बसवलं. मी टेकलो तो नेमका एका पाटीशेजारी, आणि त्या पाटीत अंडी उबवत खुडूक कोंबडी बसली होती. तिनं माझं बोट असं फोडलं की मी ओरडलोच. कमळाबाई हसली, माझ्या आणि पाटीच्या मध्ये येऊन बसली आणि बोलता बोलता कोंबडीच्या पोटाखाली हात घालून अंडी सारखी करू लागली. चुलीच्या धुरानं घरातली सगळी भांडी काळी होती. अंड्यांनाही तीच काजळी लागली असावी असं मला वाटलं.

दत्ता बाहेरून आला. सडसडीत, तिशीच्या आतला, डोळे जमिनीवर. सुषमा चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्यानं माठाकडे पाहिलं. उन्हातून आलेल्या माणसाला घरची बाई तांब्या देते, ही सगळीकडची रीत. सुषमा हलली नाही. दत्तानं स्वतःच पाणी घेतलं आणि तोही तिच्याकडे न बघता प्याला.

अनितानं त्याला सरळ विचारलं. पेट्या हलवल्यास? व्हय. रागानं? व्हय. खिळे, मिरच्या, कोळसा तूच ठेवलास? व्हय.

"आणि प्रत्येक पेटीत लिंबू कापून ठेवलंस, ते कुठून आणलंस?"

"बाजारातनं," दत्ता म्हणाला.

मी पुडी पाहिली होती. त्यात लिंबू नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अनितानं माझ्या पायावर पाय दिला.

त्याच वेळी सुषमा वळली. तिनं दत्ताकडे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही. त्या नजरेत राग होता, आणि त्याच्या मागं नुसता प्रश्न होता. मग ती उठून मागच्या दारानं निघून गेली.

"आल्यापासनं असंच हाय," कमळाबाई खालच्या आवाजात म्हणाली. "नवऱ्याशी बोलत न्हाई. म्हनती, ह्यानं माजी पिल्लं मारली."

 अनिता पाटीपाशी बसली. कोंबडी तिला ओळखत असावी, कारण ती गप्प राहिली. अनितानं तिच्या खाली हात घालून चाचपलं, मूठ मिटून हात बाहेर काढला आणि दत्ताला म्हणाली, "चल, मला वाटेपर्यंत सोड."

५

वाडीच्या बाहेर आंब्याखाली तिनं मूठ उघडली. तळहातावर गंजका खिळा होता.

मी बघतच राहिलो. ती मला सांगत होती की दत्ताला, कुणास ठाऊक, पण शांतपणे सांगत होती. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की पाटीत लोखंड, कोळसा आणि मिरची घालतात. ढग गडगडला तर अंडी नासतात असं मानतात, म्हणून हे राखणीला. गावोगाव करतात. कोळशाची रेघ मारायची ती बसवलेली अंडी कुठली आणि नंतरची कुठली हे कळावं म्हणून. आणि कोंबडी नीट बसत नसली, किंवा मुंगसानं नेली, तर घरची बाई स्वतः अंडी फिरवते. रेघ सकाळी वर, संध्याकाळी खाली. एका कुशीवर पडून राहिलं तर पिल्लू कवचाला चिकटतं. कोंबडीच्या बाबतीत हे अगदी खरं आहे.

"तुझ्या आईनं सुनेला हे शिकवलं," अनिता म्हणाली. "रुपालीनं तिला सांगितलं, आपल्याच पिल्लांसारखी सांभाळ. तिनं सांभाळली. पेटीत आई नव्हती, म्हणून ती त्यांची आई झाली. तिनं खिळे पुरले, रेघा मारल्या आणि न चुकता अंडी फिरवली. रुपालीनं पेट्या उघडल्या सकाळी. म्हणून सगळ्या रेघा वर होत्या."

दत्ता खाली बसला. त्याच्या तोंडून आवाज आला नाही, पण खांदे हलत होते.

"तू त्या खोलीत जात नव्हतास कारण ती तिथं अंड्यांशी बोलायची. बरोबर?"

"गानं म्हनायची," तो म्हणाला. "आमचं मूल गेल्यापासनं ती बोलायचीच बंद झालती. न जेवायची, न हसायची. तितं गेल्यावर पयल्यांदा गानं म्हनलं. म्या आत कशाला जाऊ? अंगणातनं ऐकायचो."

पेट्या उघडल्या, रुपालीच्या तोंडून कारण निघालं आणि दत्ताला एका क्षणात सगळं कळलं. सुषमा विहिरीवरून यायची होती. ती यायच्या आत कुणीतरी गुन्हेगार ठरायला हवा होता, नाहीतर कोण फिरवत होतं याची चौकशी तिच्यापाशी पोचली असती. म्हणून तो पुढे झाला. रजेचं भांडण आयतं हाताशी होतं. विचारलेलं सगळं तो कबूल करत गेला, न ठेवलेलं लिंबूसुद्धा.

आमच्या मंडळींचा स्वभाव फटकळ आहे हे मी सांगितलंच. पण तिथं ती फार हळू बोलली. अरे, हा गुन्हा नव्हे, चूक आहे. मी रुपालीला सांगते, ती समजून घेईल, कुणीच तुरुंगात जायचं कारण नाही.

दत्तानं तिचे पाय धरले. "बाई, कुनालाबी सांगू नका. रुपालीताईला कळलं की सुषमाच्या कानावर जाईल. म्या जातो आत. चार वर्सं काय, जातील."

"आणि ती जन्मभर तुला त्यांचा मारेकरी समजेल, त्याचं काय?"

"समजू द्या. माजा राग करून ती जगंल. सोताचा राग करून न्हाई जगायची."

अनितानं वाकून त्याला उठवलं आणि आम्ही वाट उतरू लागलो. 

६

त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. अनितानं फोन हातात घेतला, रुपालीचा नंबर काढला आणि ठेवून दिला. असं किती वेळा केलं कोण जाणे. निर्दोष माणूस तुरुंगात जाऊ द्यायचा, की एका आईला सांगायचं की तुझ्याच हातांनी ती मेली? मी म्हटलं, सांगून टाक, खरं ते खरं. ती म्हणाली, खरं बोलायला तुमचं काय जातंय? आणि मग म्हणाली, की मला चिडू द्या, मला दुसरं काही सुचत नाही.

रविवारी सकाळी फाटक वाजलं. सुषमा उभी होती. वाडीवरून एकटी चालत आली होती. आत ये म्हटलं तर आली नाही, सासू बसली होती त्याच पायरीवर बसली. आल्यापासून तिचे हात पदरात गुंडाळलेले होते.

"बाई, एक इचारू?" ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "ह्यांनी रातच्याला पेट्या हलवल्या म्हनं. कवा हलवल्या? म्या तर रातचं तितंच निजायचे. पेट्यांच्या कुशीलाच. जरा वाळू सरकली तरी जाग यायची."

अनिता तिच्या शेजारी बसली.

"आन् लिंबू," सुषमा म्हणाली. "लिंबू न्हवतंच. खिळा, कोळसा, मिरची माजी हुती. ह्ये कशापायी व्हय म्हनाले? खोटं का बोलत्यात?"

अनितानं तोंड उघडलं. मला वाटलं, ती आता काहीतरी सांगेल. अवकाळी पाऊस झाला होता, ढग गडगडले होते, त्यानंच नासली असतील. तिनं तसं सांगावं असं मला मनापासून वाटत होतं. पण इतक्या वर्षांत मेलेल्या वासराच्या मालकाशीही ती कधी खोटं बोललेली नाही. ती गप्प राहिली.

सुषमा तिच्या तोंडाकडे बघत होती.  मग म्हणाली, "कोंबडीची फिरवावी लागत्यात."

"हो," अनिता म्हणाली.

"आन् कासवांची?"

अनितानं तिच्या पदरावर हात ठेवला. तेवढंच केलं. सुषमाला कळलं. मी आत निघून गेलो, कारण मला तिथं उभं राहवेना. आतून मला तिचं रडणं ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं. नुसता अनिताचा आवाज येत होता, आजारी जनावरापाशी बसून बोलते तसा. चूक सांगणाऱ्याची होती, तुझी नव्हती. तुला शिकवलं ते तू केलंस. तू त्यांना एक क्षण एकटं सोडलं नाहीस.

शेवटी सुषमा उठली. म्हणाली, "उद्याची गाडी किती वाजता हाय?"

"तू जायची गरज नाही. मी रुपालीशी बोलते."

"न्हाई बाई. म्या सांगीन. त्यांला कुनी मारलं ते त्यांच्या आईनंच सांगाय पायजे."

७

अनितानं रुपालीला फोन केला. रुपालीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की फिरवू नका, एवढे दोनच शब्द मी सांगायला हवे होते. मी स्वतः कचेरीत येते, माझाही जबाब लिहून घ्या म्हणते. वनखात्याच्या साहेबांशीही ती बोलली. यात वैर नव्हतं, कपट नव्हतं, हे समजल्यावर साहेब नरमले. माणसं येऊन सांगून जाऊ देत, अटकेचा विषय नाही, असं त्यांनी कळवलं. अमृतशेठला मात्र त्यांनी कमानींचा हिशेब विचारायला बोलावलं होतं.

म्हणजे दत्ता सुटला होता. आम्ही जिंकलो म्हणायचं. सोमवारी लोणावळा स्टँडवर त्यांना सोडायला गेलो, तेव्हा तसं मुळीच वाटत नव्हतं.

दत्ता खांबाला टेकून उभा होता. सुषमाला सगळं कळलंय हे त्याला कमळाबाईनं सांगितलं होतं. तो आमच्याकडे बघत नव्हता. जे झाकायला तो तुरुंगात जायला निघाला होता, ते आम्ही उघडं पाडलं होतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही बघितलं नसतं. कमळाबाई एका बाजूला उभी होती. कालपासून ती एकदम म्हातारी दिसायला लागली होती, कारण सुनेला शिकवलं होतं ते तिनंच. ती अनिताला म्हणाली, की कोंबडी बसलीये, पण सुषमा आता पाटीजवळ येत नाही. अंड्याला हातच लावत नाही.

कोकणात जाणारी गाडी लागली. दोघं चढली. खिडकीची जागा दत्तानं तिला दिली. ऊन होतं, गाडी भरायला वेळ होता. खिडकीतून मला दिसत होतं, सुषमानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि काही न बोलता नवऱ्याच्या पुढे धरली. दत्तानं बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो घटाघट प्याला. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं तरी थांबला नाही.

अनिता माझ्या शेजारी उभी होती. तिनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, की स्टँडवर धूळ फार असते. मी म्हटलं, हो, असते.

गाडी हलली. सुषमाचे दोन्ही हात मांडीवर तळवे वर करून पडले होते, आपले नसल्यासारखे. दत्तानं त्यांवर आपला हात ठेवला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो हात तिथेच होता.